कुलूप जेद्दात, किल्ली रास तनुरात

"इस्माईलभाई, तुमच्याकडे मोटारसायकल आहे?"

"मला सायकल पण येत नाय."

"कानपूरला कधी राहिला होतात?"

"कानपूर कुठं आलं?"

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमच्या नावावर कानपुरात एक मोटारसायकल आहे, दोन मोबाइल आहेत आणि एक शिलाई मशीन आहे. सगळं कर्जावर घेतलंय."

इस्माईलभाई म्हणजे आमच्या बाणकोट खाडीकडचे प्लंबर. जेद्दाच्या अल अझीझिया भागात त्यांनी वीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले. त्याच भागातल्या पैसे पाठवायच्या ऑफिसात मी काउंटरवर बसायचो. गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायचा म्हणून ते कर्जाचा अर्ज घेऊन आले होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, रडतील, टेबलावर हात आपटतील. ते वाकून पडदा नीट बघू लागले.

"मोटारसायकल कुठली?"

मी सांगितलं.

"चांगली असते ती. पण शिलाई मशीन कशाला घेतली असंल?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"हप्ते भरलेत?"

"पहिले दोन."

"म्हणजे अगदीच हरामखोर नव्हता," इस्माईलभाई म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा उतरला. "मग माझं कर्ज?"

"नाही मिळणार."

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी किती लोकांना पैसे पाठवून दिले, ते मला आठवत नाही. पण हा संवाद शब्दन् शब्द आठवतो, कारण त्या दिवसापासून मी कुलूपवाला झालो.

आमचं काम काय होतं ते सांगतो. ऑफिस पैसे पाठवायचं होतं, पण भारतातल्या एका बँकेशी आमचा करार होता. इथल्या भारतीय माणसाला तिकडे घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज हवं असलं, तर अर्ज मी भरून घ्यायचो. अर्ज पुढे पाठवण्याआधी त्या माणसाचा क्रेडिट रिपोर्ट बघायचा. क्रेडिट रिपोर्ट म्हणजे मोठ्या माणसांचं प्रगतिपुस्तक. तुम्ही कुठून कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर दिले की चुकवले, कोणाकोणाकडे अर्ज केले, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. फरक इतकाच की शाळेचं प्रगतिपुस्तक घरी येतं, वडील सही करतात. हे पुस्तक कंपनीच्या संगणकात असतं आणि ज्याचं आहे त्याने ते जन्मात पाहिलेलं नसतं. भारतात अशी पुस्तकं ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. कर्ज देणारा आधी त्यांच्याकडे डोकावतो आणि मगच पैसे देतो.

चोराला हे पक्कं माहीत असतं. तो तुमचं नाव, पॅनकार्ड आणि फोटो घेऊन दुकानात जातो. दुकानदार तुमचं पुस्तक बघतो. तुम्ही आयुष्यात कर्ज घेतलेलं नसतं, किंवा घेतलं तर इमानदारीने फेडलेलं असतं. पुस्तक स्वच्छ. मोटारसायकल चोर घेऊन जातो, शेरा तुमच्या पुस्तकात पडतो.

आणि आखातात राहणारा आमचा माणूस म्हणजे अशा चोराला ताटात वाढलेलं जेवण. आम्हा कोकणातल्या लोकांना झेरॉक्सचं वेड आहे. व्हिसाच्या एजंटाने सेट मागितला, दे. कफिलाने, म्हणजे इथल्या मालकाने मागितला, दे. तिकीटवाल्याने मागितला, दे. पासपोर्ट, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, पॅन, आधार आणि दोन फोटो, असे दहा-दहा सेट करून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन आम्ही फिरतो. मुंबईच्या विमानतळावर एका गृहस्थाने मला नुसती वेळ विचारली, तर माझा हात फोल्डरकडे गेला होता. ते सेट पुढे कुठे जातात, हे कोणी विचारत नाही. भारतातल्या पत्त्यावर बँकेचं पत्र आलं तर घरचे ते टीव्हीखाली ठेवतात. "हे आले की बघतील." हे दोन वर्षांनी येतात.

तर अशा चोरीवर उपाय म्हणून त्या पुस्तकाला कुलूप लावता येतं. कुलूप असेपर्यंत नवीन कर्ज देणाऱ्या कोणालाही ते उघडता येत नाही. उघडलं नाही की कर्ज नाही. मालकाला स्वतःला कर्ज हवं असलं, तर त्याने कुलूप काढायचं, काम झालं की परत लावायचं. जणू हेडमास्तरांना सांगून ठेवलं, की मी स्वतः आल्याशिवाय माझा दाखला कोणाला देऊ नका.

हे मला माहीत होतं, पण मी कोणाला सांगत नसे. इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इस्माईलभाईंच्या आधी काही वर्षं हमीद चाचा म्हणून एक आचारी माझ्याकडे आले होते. त्यांचा रिपोर्ट असाच घाण निघाला. नियम होता की कारण सांगायचं नाही, अर्ज नामंजूर एवढंच कळवायचं. मी तसं कळवलं. चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडून काय चूक झाली असेल, बेटा?" मी म्हटलं, "काही सांगता येत नाही." ते मान खाली घालून गेले. कुठे गेले, मला माहीत नाही. ती चूक चाचांची नव्हती, आणि ते सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

माझ्या घरात पहिला पदवीधर मी. वडील खलाशी, आई अंगठा लावणारी. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म शाळेतल्या पाटणकर बाईंनी भरला, कारण आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटा आणि मलाच फॉर्मची भीती वाटत होती. बाईंनी प्रत्येक रकाना मला समजावून सांगितला. नुसता भरून दिला नाही. महाडला बी.कॉम. झालो ते त्या रकान्यांमुळे. हमीद चाचांना मी एक रकाना समजावला नाही, हे मला अजून बोचतं.

म्हणून इस्माईलभाईंच्या वेळी मी नियम बाजूला ठेवला. त्यांना बसवलं, चहा मागवला, सगळं सांगितलं. गावाकडे त्यांच्या मेहुण्याने पोलिसांत तक्रार दिली, मी कर्ज देणाऱ्या कंपन्यांना पत्रं लिहिली. रिपोर्टमधून मोटारसायकल गेली, मोबाइल गेले. शिलाई मशीन मात्र चार महिने चिकटून बसली होती. शेवटी तीही निघाली. पुस्तक स्वच्छ झालं त्या दिवशी मी ताबडतोब त्याला कुलूप लावलं. आमची बँक ज्या कंपनीचा रिपोर्ट बघायची, तिथलं आधी, मग बाकीची.

इस्माईलभाई खूश होऊन म्हणाले, "नजीर, आता आमच्या रूममधल्या सगळ्यांना लाव."

आमच्या भागातल्या बहुतेक गावांची जेद्दात एक रूम असते. गावातून नवा आलेला माणूस आधी तिथे उतरतो. इस्माईलभाईंच्या रूममध्ये त्यांना धरून सात जण होते. एका शुक्रवारी मी दुपारचं जेवण तिथेच घेतलं आणि बिर्याणीच्या हाताने बाकीची सहा कुलपं लावली. फॉर्ममध्ये भारतातला मोबाइल नंबर लागतो, कारण कुलूप काढायचं तर त्या नंबरवर ओटीपी येतो. मी विचारलं, "नंबर सांगा एकेकाने."

सहाही जणांनी एकच नंबर सांगितला, आधी इस्माईलभाईंनी दिला होता तोच.

आता हसू नका. तो रूमचा नंबर होता. भारतातलं सिम इथे बसून चालू ठेवायचं तर रिचार्ज करत राहावं लागतं. सात सिमं कशाला, एक पुरे, असा हिशेब. वर्गणी काढून त्याचा रिचार्ज व्हायचा. फोन खिडकीत साखरेच्या डब्यावर ठेवलेला असायचा, कारण रेंज तिथेच यायची. ओटीपी आला की जो घरी असेल तो ओरडायचा, "कोणाचा हाय रे?"

आणि मी, बी.कॉम. झालेला, ऑफिसात ज्याला लोक मान द्यायचे असा मी, काय म्हणालो? मी म्हणालो, "वा! किल्ल्या एकाच ठिकाणी. सांभाळायला सोपं."

इस्माईलभाईंचा धरून सात फॉर्ममध्ये तो एकच नंबर मी माझ्या हाताने भरला.

पुढे वर्षभर सगळं सुखाने चाललं. माझी कीर्ती पसरली. मक्केहून, तायफहून लोक कुलूप लावायला यायचे. एक जण बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, हिच्या पण रिपोर्टला लावा, ही फार खरेदी करते. त्याला सांगावं लागलं, की हे कुलूप तसल्या कामाचं नाही. बायकोने तिथल्या तिथे विचारलं, "मग ह्यांच्या तोंडाला लावायचं काही आहे का?"

मग ती गुरुवारची दुपार आली. साडेबाराच्या सुमाराला इस्माईलभाई धावत काउंटरवर आले. अंगावर कामाचे कपडे, हातात पाईपपाना. पान्याकडे बघून रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली.

"नजीर, कुलूप काढ! सनाचं कॉलेज!"

सना त्यांची मुलगी. तिला पुण्यात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. शैक्षणिक कर्ज सनाच्या नावावर होतं आणि सोबत वडिलांचं नाव. बँकेतल्या बाईंनी सनाला सांगितलं होतं, "वडिलांचा रिपोर्ट लॉक दाखवतोय. आज पाचपर्यंत कॉलेजात फी गेली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. तुम्ही लॉक उघडा, बाकीचं मी तयार ठेवते."

भारतात पाच म्हणजे आमचे अडीच. दोन तास होते. आणि कुलूप काढायला लागतात पाच मिनिटं. मला तर मनातून अभिमानच वाटला, की बघा, मी लावलेलं कुलूप किती चोख काम करतंय.

"रूमवर कोण आहे? फोनजवळ बसायला सांगा," मी म्हणालो.

इस्माईलभाईंनी पाना माझ्या टेबलावर ठेवला. "फोन रूमवर नाय. याकूब घेऊन गेलाय."

याकूब त्यांच्याच रूममधला, उंचावरच्या कामासाठी मचाण बांधणारा. त्याचा स्वतःचा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. तो कामाला निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की रूमचा फोन हल्ली वाजत नाही, तो ने. याकूबने त्यात दुसऱ्या बाजूला स्वतःचं सौदी सिम घातलं आणि गेला.

"कुठे गेलाय?"

"रास तनुरा."

जेद्दा तांबड्या समुद्रावर. रास तनुरा दुसऱ्या टोकाला, आखाताच्या समुद्रावर. मधला सगळा देश आमच्या आणि त्या ओटीपीच्या मध्ये पडलेला. याकूब तिथल्या रिफायनरीत दुरुस्तीच्या कामावर होता, आणि आत फोन नेता येत नाही. गेटवरच्या कपाटात ठेवावा लागतो. त्याची जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पुढची सुट्टी सहाला.

मग मला हसू फुटलं. भीतीने फुटलं, पण फुटलं खरं. इस्माईलभाई पण हसायला लागले आणि हसता हसता म्हणाले, "नजीर, हसतोस काय? माझ्या पोरीचं वर्ष जाईल!"

मी याकूबच्या ठेकेदाराच्या ऑफिसात फोन लावला. तिथे इंग्रजी, हिंदी, अरबी सगळं करून झालं. शेवटी कोणीतरी एका इंजिनियरला फोन दिला. मी हिंदीत सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, "भाऊ, कोकणातले का तुम्ही? मराठीत बोला ना. मी देवरे, नाशिकचा."

देवरे साहेबांना मी अख्खी गोष्ट एका दमात सांगितली. कुलूप, साखरेचा डबा, बादली, सना. ते ऐकत राहिले.

"म्हणजे सात माणसांची एक किल्ली, आणि ती माझ्या गेटवरच्या कपाटात?"

"हो साहेब."

"कोणत्या शहाण्याने केलं हे?"

"मीच तो."

"बरं, आता माझी मुलगी बारावीला आहे म्हणून ऐकतो. याकूबला उतरवतो मचाणावरून. गेटपर्यंत यायला वेळ लागेल, घाई करू नका."

मी घाई केली. उत्साहाच्या भरात, याकूब मचाणावरून उतरायच्या आतच, माझं बोट ओटीपी मागवायच्या बटणावर पडलं. ओटीपी गेला, कपाटातल्या अंधारात पोचला आणि पाच मिनिटांत मेला. तीनच वेळा मागवता येतो. त्यानंतर चोवीस तास बंद. आता दोन उरले.

दोनला दहा मिनिटं असताना याकूबचा फोन आला. रूमच्या त्याच फोनवरून, त्याच्या सौदी सिमवरून. "नजीरभाई, आलो मी गेटवर. पाठवा."

मी बटण दाबलं. "आला?"

"नाय."

"आता?"

"नाय आला. इस्माईलभाई हायत का तिकडं? त्यांना सांगा, माझी बादली रूमवरच राहिली."

"बादली गेली खड्ड्यात!" इस्माईलभाई ओरडले. "मेसेज बघ!"

"बघतोय की. नाय आला."

पाच मिनिटं आम्ही तिघं बोलत राहिलो. रांगेतली माणसं एव्हाना पैसे पाठवायचं विसरून काउंटरभोवती गोळा झाली होती. त्यातले एक सुदानी गृहस्थ मला अरबीत शांतपणे म्हणाले, "भाई, त्या फोनमध्ये दोन सिम आहेत ना? एकावर बोलत असताना दुसऱ्यावर मेसेज कसा येईल?"

खलास. दुसराही गेला. आम्ही स्वतःच्या बोलण्याने तो अडवून धरला होता.

दोन वाजले. अर्धा तास आणि एक ओटीपी. मी याकूबला सांगितलं, "आता फोन ठेव. आम्ही पाठवतो. मेसेज आला की मगच फोन कर. मध्ये करायचा नाही. कोणालाच करायचा नाही."

"इस्माईलभाईंना पण नाय?"

"नाही!"

फोन ठेवला. बटण दाबलं. इस्माईलभाई पुटपुटत दुआ मागत होते. सुदानी गृहस्थ घड्याळ बघत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. इस्माईलभाईंचा हात त्यांच्या फोनकडे सरकला, तेव्हा मी पाना उचलून त्यांच्याकडे बघितलं. हात मागे गेला.

फोन वाजला. नंबर अनोळखी.

"नजीरभाई, मी याकूब. हा गेटवरच्या शिपायाचा फोन हाय. मेसेज आला!"

"वाच!"

"चष्मा आत राहिलाय. मचाणावर."

इस्माईलभाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोनवर खणखणीत अरबी आवाज आला. गेटवरच्या शिपायाने याकूबच्या हातातला रूमचा फोन आपल्याकडे घेतला होता. तो एकेक आकडा शाळेत धडा म्हणतात तसा म्हणू लागला.

"खमसा."

"खमसा!" माझ्यामागून सुदानी गृहस्थ म्हणाले. मी पाच दाबला.

"सिफर."

"सिफर!" आता दोन-तीन आवाज होते. शून्य.

"तलाता!" तीन. "सबा!" सात. "सबा!" पुन्हा सात. अख्खी रांग म्हणत होती. केरळचा ड्रायव्हर, दोन पाकिस्तानी सुतार, आमचा चहावाला. "अरबा!" चार.

मी शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं लाल चित्र दोन क्षण तसंच राहिलं आणि मग हिरवं झालं. कुलूप निघालं.

दोन वाजून सात मिनिटं. पुण्याच्या बँकेतल्या बाईंनी खरोखरच सगळं तयार ठेवलं होतं. दोन वाजून चोवीस मिनिटांनी सनाचा फोन आला. इस्माईलभाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"अब्बा, फी भरली. पावती आली."

ऑफिसात जे काही झालं ते लिहून दाखवता येणार नाही. सुतारांनी इस्माईलभाईंना मिठी मारली, मी सुदानी गृहस्थांना, आणि चहावाल्याने कोणालाही न विचारता सगळ्यांना चहा दिला. इस्माईलभाई फोनमध्ये ओरडले, "थांब गं, आधी नजीर परत कुलूप लावू दे!"

"लावा," सना म्हणाली. "पण नजीर चाचा, आता नंबर माझा टाका. सगळ्यांचे नंबर वेगवेगळे करा. असं कोणी करतं का?"

"चुकलं, बेटा," मी म्हणालो. "लगेच करतो."

"आणि माझ्या पण रिपोर्टला लावा."

"तुझ्या?" मी हसलो. "अगं, कुलूप लावायला तुझ्या नावावर काहीतरी असायला हवं ना."

"आहे की," सना म्हणाली. "आजपासून आहे. कर्ज माझ्या नावावर मिळालंय."

मी इस्माईलभाईंकडे पाहिलं. त्यांना समजायला एक क्षण लागला. मग ते रांगेकडे वळले आणि दोन्ही हात वर करून, हिंदीत, अल अझीझियातल्या सगळ्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुना क्या? मेरी बेटी के नाम पे लोन है! असली वाला!"

"मब्रूक!" सुदानी गृहस्थांनी अभिनंदन केलं, आणि त्यांच्यामागून सगळी रांग म्हणाली, "मब्रूक! मब्रूक!"